बीडचे भास्कराचार्य आणि इंग्रजांचा कट

भास्कराचार्य मूळचे आमच्या बीडचे, हे दर दोन लग्नांआड एकदा तरी सिद्ध होतं. सिद्ध करणाऱ्याला संस्कृत येत नसतं, पण आवाज दणदणीत असतो. पुरावा एवढाच की आचार्यांनी आपलं गाव 'विज्जडविड' असं सांगितलंय. त्यातलं 'विड' म्हणजे बीड. झालं!

आता 'बीड' हे नाव तरी कुठून आलं? कुणी म्हणतं, गाव खोलगट जागेत म्हणून 'बीळ'. कुणी म्हणतं, महंमद तुघलकाला इथे थोडं खणताच पाणी लागलं, म्हणून 'भीर'. हे दुसरं खरं मानलं तर आचार्य जन्मले तेव्हा, म्हणजे १११४ साली, हे नावच नव्हतं. (याच तुघलकाचा पडलेला दात बीडजवळ समारंभाने पुरला, असं फरिश्ताने लिहून ठेवलंय. ते मात्र आमच्याकडे कुणाला खरं वाटत नाही!) शिवाय १५८७ साली 'लीलावती' फारसीत नेणारा फैजी आचार्यांचं गाव बीदर सांगतो. विजापूरवालेही रांगेत आहेतच.

आचार्यांनी सह्याद्रीचाही उल्लेख केलाय. त्यावर आमचे तज्ज्ञ म्हणतात, बालाघाट हा सह्याद्रीचाच फाटा. याला मी अर्धा मार्क देतो.

पण मग चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख आडवा येतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ साली उजेडात आणला. आचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याचा हा लेख. आचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला राजा जैत्रपाल 'या गावातून' घेऊन गेला, असंही त्यात आहे. विज्जडविड म्हणजे पाटणच, असं दगड म्हणत नाही. पण कुटुंब तिथे राहत होतं, एवढं नक्की म्हणतो.

यावर उत्तर काय? "तो दगड इंग्रजांनीच बनवून ठेवला असणार!" का बरं? तर न्यूटनची चोरी झाकायला. पृथ्वी जड वस्तू स्वतःकडे ओढते, असं आचार्यांनी लिहिलंय, ते खरंच. पण अंतर वाढलं की ओढ किती कमी होते, याचं गणित त्यात नाही. आणि चोरी झाकायची तर चोराने मुळात आचार्यांचं नाव असलेला दगड कशाला घडवावा?

पु. ना. ओकांची तऱ्हा हीच. ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती! ताजमहालाबद्दलची त्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेटाळली, तर तोही कटाचाच पुरावा ठरला. ओक इतिहासाचे प्राध्यापक नव्हते, हा माझा आक्षेपच नाही. भाऊ दाजी तरी कुठे इतिहासाचे प्राध्यापक होते? मुंबईत डॉक्टरकी करत होते. पण ते दगडापर्यंत गेले आणि दगडावर आहे तेवढंच वाचलं.

या हट्टामागचं दुखणं मला कळतं. बीड म्हटलं की लोकांना दुष्काळ आणि ऊसतोडच आठवते. एखादा मोठा माणूस आपला असावासा वाटणारच. पण अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे, कापडावर लिहिलेला अख्खा ग्रंथ. आमच्या तज्ज्ञांपैकी ती पाहिलेला मला अजून भेटायचाय.

असो. मागच्या लग्नात मी म्हटलं, सकाळी निघालो तर दुपारी पाटणला पोचू, गाडी मी काढतो. तज्ज्ञ म्हणाले, "त्यात बघायचंय काय? आम्हाला माहितीये ना सगळं."