अंगणात गेलेली बालवाडी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा अध्यक्षीणबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे. तरी एक गोष्ट पुष्कळ दिवस मनात आहे, ती भगिनींपुढे मांडते.

मागे आपण मंडळातर्फे जवळपासच्या अंगणवाड्या पाहून आलो. परतताना कोणती चांगली यावर वाद झाला. कुणाला भिंतीवरची चित्रे आवडली, कुणाला खेळणी. मला मात्र बोर्डीची हकीकत आठवत होती.

ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते. परंतु बालमंदिरे असत शहरांत आणि माँटेसोरीची साधने पडत महाग. मग खेड्यातल्या गरिबाच्या मुलाने काय करावे? हा प्रश्न मनी धरून ताराबाईंनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी काम मांडले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, आज पालघरमध्ये आहे. अनुताई वाघ त्याच साली त्यांना येऊन मिळाल्या. शंखशिंपले, बिया, पाने आणि माती हीच त्यांची साधने झाली.

गावातील मुले बालवाडीत येऊ लागली, पण वारल्यांच्या पाड्यावरची येईनात. आईबाप मजुरीला जात. थोरली मुले गुरांमागे, नाहीतर धाकट्याला कडेवर घेऊन घर राखीत. तेव्हा या दोघींनी मुलांना बोल लावला नाही. बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. तिथेच आंघोळी, वेणीफणी, गाणी, गोष्टी! अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडी उभी राहिली. धाकट्याला पाळणाघरात ठेवून थोरल्या बहिणीला शेजारीच शिकता येऊ लागले. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळाही निघाली.

हे वाचताना माझे डोळे भरून आले. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती धाकट्या भावाला सांभाळण्यासाठीच. आई शेतावर जाई, अंगणवाडी ओढ्यापलीकडे दूर. दोष कुणाचाच नव्हता. पण पाळणाघर जवळ असते, तर आज हा लेख थोडा बरा उतरला असता!

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. तिथे शिक्षणाबरोबर पोषक आहार आला, लसीकरणही आले.

म्हणून मला वाटते, दोन अंगणवाड्यांची तुलना करताना आत काय आहे हे पाहावेच, पण कोणते मूल बाहेर राहिले हे आधी विचारावे. मी ताईंना तसे विचारले. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची तीन मुले पावसाळ्यात येत नाहीत, असे कळले.

येत्या पावसाळ्यात आपण पाळीपाळीने त्यांना आणून पोचवू या. सोमवारची पाळी माझी.