मुलींमधला ऑटिझम उशिरा का कळतो?

ऑटिझम म्हटलं की डोळ्यांसमोर बहुतेकदा मुलगाच येतो. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ऑटिझमवर जो गाजलेला शोधनिबंध लिहिला, त्यातल्या ११ मुलांपैकी मुली फक्त ३ होत्या. पुढेही लक्षणांचा अभ्यास मुख्यतः मुलग्यांवरच होत राहिला.

त्यात अनेक मुली लक्षणं लपवायला शिकतात. मैत्रिणी कधी हसतात, काय बोलतात हे बघून त्या तसंच वागतात. याला 'मास्किंग' म्हणतात. शाळेत 'शांत, गुणी' वाटणारी मुलगी घरी येऊन रडते, चिडते, कारण दिवसभराच्या या नाटकाने ती थकलेली असते. सततच्या मास्किंगचा चिंता आणि नैराश्याशी संबंध आढळला आहे.

म्हणूनच काहींना निदान थेट तिशी-चाळिशीत मिळतं. कधी स्वतःच्या मुलाची तपासणी करताना. मग मागचं आयुष्य नव्याने उलगडतं. मिक्सरचा आवाज, लग्नातली गर्दी, ड्रेसचं टोचणारं लेबल सहन न होणं हे नखरे नव्हते, हे कळतं.

स्वतःला स्वीकारण्याची सुरुवात इथून होते. गर्दीतून थोडा वेळ बाजूला होणं, हेडफोन लावणं, नजर न मिळवता बोलणं यात लाज कसली? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, त्यामुळे गरजेची सोय मागणं हा हक्क आहे.

शंका असेल तर रीलवरच्या चाचणीवर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना भेटा.