जुन्या मोटारींतील बिनतारी संगीत

मोटारींत संगीत आणण्याची खटपट आजची नव्हे. १९३० सालीं अमेरिकेंत पॉल गॅल्व्हिन यांच्या कारखान्यानें ‘मोटोरोला’ हा मोटारीचा रेडिओ विक्रीस काढला, तेव्हां कारागिरांचें खरें वैर इंजिनाशींच होतें. तेथें ठिणगी पडे आणि रेडिओंत खरखर उठे. ती दाबण्यांतच त्यांचें पुष्कळ कसब खर्ची पडलें.

१९६३ सालीं फिलिप्सची कॅसेट निघाली व पुढें तीहि मोटारींत जाऊन बसली. २००३ सालीं ब्लूटूथवरून स्टिरिओ संगीत पाठविण्याची पद्धति ठरली. परंतु जुन्या मोटारींना तें ऐकणारा कानच नव्हता! सुस्थितींतला रेडिओ उपटून टाकणें मालकाच्या जिवावर येई. मग नव्यानें जुन्याचें सोंग घेतलें. कॅसेटच्या आकाराच्या डबींत फीत नसतेच; तिच्या जागीं इवलेसें चुंबकीय हेड असतें, आणि मोबाइलमधील गाण्याबरोबर बदलणाऱ्या त्याच्या चुंबकत्वालाच मोटारींतलें यंत्र फीत समजतें. जेथें कॅसेटचीहि सोय नाहीं, तेथें सिगारेट पेटविण्याच्या खाचेंतून वीज घेणारा लहानसा प्रेषक तेंच गाणें एफ्. एम्. च्या रिकाम्या लहरीवर सोडतो. चार कांचांआड जणूं स्वतंत्र नभोवाणी केंद्रच! मात्र मोठ्या शहरांत रिकामी लहर सांपडणें कठीण. एखादें बलवान केंद्र मध्येंच घुसतें, आणि गाणें पुन्हां खरखरींत बुडतें.