वणी परिसरातील चुनाभट्ट्या आणि त्यांचे रसायन

यवतमाळ जिल्ह्याचा बहुतांश भूभाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा असला, तरी पूर्वेकडील वणी परिसरात बेसाल्टहून कितीतरी जुना, ‘पैनगंगा समूह’ या नावाने ओळखला जाणारा चुनखडक उघडा पडलेला आहे आणि वर्धा खोऱ्यातील दगडी कोळशाचे थरही तेथेच आहेत. दगड आणि जळण असे शेजारी सापडल्यामुळे, १९०५ पर्यंत ज्या जिल्ह्याला वणीचेच नाव होते त्या जिल्ह्यात, राजूर येथे कोळशाच्या खाणीबरोबर चुनाभट्ट्यांचाही धंदा रुजला.

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट हे विरुद्ध प्रभाराचे आयन परस्परांच्या आकर्षणाने, म्हणजे आयनिक बंधाने, जखडलेले असतात, तर कार्बोनेटमधील कार्बन व ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांची भागीदारी करून सहसंयुज बंधाने जोडलेले असतात. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला कार्बोनेट फुटून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उष्णता शोषून घेणारी ही विघटन अभिक्रिया होय. शुद्ध चुनखडीच्या १०० किलोंतून ५६ किलो कळीचा चुना उरतो आणि ४४ किलो वायू उडून जातो, म्हणूनच भाजलेला खडा हाताला हलका लागतो. वजनातील हीच घट तराजूवर मोजून जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ साली या वायूचे स्वतंत्र अस्तित्व मांडले.

कळीचा चुना विरवताना पाणी पडताच खडा तडकतो, वाफ सुटते आणि त्याची पांढरी भुकटी होते. ही उष्णता बाहेर टाकणारी संयोग अभिक्रिया. भरपूर पाण्यात बहुतेक चुना तळाशी बसतो आणि वरची निवळी तेवढी खरे द्रावण ठरते. साध्या तापमानाला एका लिटरमध्ये जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो आणि साखरेच्या उलट, गरम पाण्यात तो आणखी कमी विरघळतो. निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते, कारण श्वासातील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन पुन्हा चुनखडीच तयार होते. चुन्याची भिंत वर्षानुवर्षे घट्ट होत जाते तीही याच अभिक्रियेमुळे.

सिमेंटसाठी तोच दगड चिकणमातीसह सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवतात. त्यातून बनणारी कॅल्शियम सिलिकेटे हवेची वाट न पाहता पाण्याशी संयोग पावून लवकर घट्ट होतात, आणि त्यामुळेच बांधकामातून चुना मागे पडला. आज झरी-जामणी तालुक्यात मुकुटबन येथे सिमेंटचा कारखाना उभा आहे. बंध, अभिक्रिया आणि द्रावण ही पाठ्यपुस्तकात तीन वेगळी प्रकरणे असली, तरी भट्टीवर ती एकाच खड्याच्या वाटचालीत सापडतात. यवतमाळच्या शिक्षकांनी ती तेथूनच शिकवावीत.