कापसाची वाट आणि आपली वाट

आज आपण आपल्या भागातल्या रेल्वेच्या आणि एसटीच्या इतिहासावर बोलू. बचत गटाच्या बायांना हा विषय कशाला, असं कोणी म्हणेल. पण बँकेत जायचं असो, दवाखान्यात जायचं असो की माहेरी, आपला अर्धा दिवस फाट्यावर वाट पाहण्यात जातो आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. असं का झालं हे कळलं, तर काय मागायचं तेही कळेल.

वऱ्हाडात रेल्वे आली ती कापसासाठी. 1853 साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि त्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत 1867 मध्ये नागपूरला पोचली. खामगाव या मार्गावर नव्हतं, पण तिथं कापसाचा मोठा बाजार होता. म्हणून जलंबहून खामगावला खास फाटा काढला. 1870 मध्ये त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. अमरावतीलाही बडनेऱ्याहून असाच फाटा मिळाला.

मग आली आपली शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ 1903 मध्ये, मूर्तिजापूर ते अचलपूर 1913 मध्ये. लोकांनी तिच्यावर जीव लावला. पण तिची वाट पाहा. अचलपूरहून अमरावती रस्त्यानं पन्नासेक किलोमीटर. शकुंतलेनं जायचं तर आधी 76 किलोमीटर खाली मूर्तिजापूरला, तिथून गाडी बदलून बडनेऱ्याला, आणि मग अमरावतीला. कापसाला ही वाट सोयीची होती, कारण त्याला मुंबईला जायचं होतं. अचलपूरच्या लेकीला अमरावतीच्या सासरी जायचं असेल, हा विचार त्या आखणीत नव्हताच.

स्वातंत्र्यानंतर चित्र थोडं बदललं. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. पुढं लाल गाडी खेड्यापाड्यांत पोचली. मुक्कामी गाडीमुळं कितीतरी पोरी सकाळच्या शाळेत वेळेवर पोचल्या. हे उपकार आपण विसरणार नाही. पण एसटीची आखणी झाली ती आगारापासून. गाडी आगारातून निघते, गावाला येते आणि परत आगाराकडं जाते. म्हणजे गाव तालुक्याला जोडलं, पण गावाला गाव जोडायचं राहूनच गेलं. शेजारचं गाव दुसऱ्या तालुक्यात किंवा दुसऱ्या जिल्ह्यात असलं, की जवळचं अंतरही लांबचं होतं.

आपल्या हिवरखेडचंच घ्या. अकोला–खंडवा मीटरगेज रेल्वेवर आपलं स्टेशन होतं. ही गाडी सातपुड्यात धुळघाटला वेटोळं घेऊन चढायची. मेळघाटातल्या कोरकू बायाबापड्यांना बाजाराला, दवाखान्याला तिचाच आधार होता. रूळ रुंद करायचे म्हणून 2017 पासून ती बंद झाली. 2022 च्या नोव्हेंबरात अकोला ते अकोट नवी गाडी सुरू झाली. पुढच्या मार्गावर मात्र वाद झाला. जुनी वाट मेळघाटच्या वाघांच्या जंगलातून जाते. 2021 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वे मंत्रालयाला पत्र लिहून मार्ग जंगलाबाहेरून न्यावा अशी मागणी केली. ती वाट हिवरखेड, सोनाळा, जामोद अशी जाते. अंतर वाढतं, पण जास्त गावं जोडली जातात. पण मग जंगलातली जी गावं जुन्या गाडीवर होती, त्यांच्यासाठी दुसरी सोय लागेल, हेही आपण बोललं पाहिजे. आपली सोय झाली की दुसरीची गैरसोय विसरायची, ही गटाची रीत नाही.

आता मुद्द्याचं. 17 मार्च 2023 पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं. चांगलंच झालं. पण गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं? फेरी ठेवायची की बंद करायची, हे तिकीट किती फाटली यावर ठरतं. जी बाई गाडी नाही म्हणून दवाखान्यात गेलीच नाही, तिचं तिकीट फाटत नाही. जिनं कॉलेज सोडलं, तिचंही नाही. जो प्रवास झालाच नाही, तो कुठल्याच हिशेबात येत नाही. कापसाच्या गाठी मोजल्या गेल्या म्हणून त्यांना रेल्वे मिळाली. आपल्या खेपा कोणी मोजल्याच नाहीत.

प्रत्येक गावाहून प्रत्येक गावाला थेट गाडी देता येणार नाही, हे आपल्यालाही समजतं. स्वित्झर्लंड हा डोंगरांचा देश. तिथं 1982 पासून रेल्वे ठरलेल्या अंतरानं धावू लागल्या आणि खेड्यांतल्या पिवळ्या पोस्ट-बस रेल्वेच्या वेळा धरून येतात. एका गाडीतून उतरलं की दुसरी उभी असते. म्हणजे थेट गाडी नसली तरी गाडीला गाडीची गाठ पडली पाहिजे. त्याला नवा रस्ता लागत नाही, वेळापत्रक जुळवावं लागतं.

म्हणून एक काम सांगतो. आपण गटात रुपया-रुपया लिहून ठेवतो, तशा महिनाभर खेपाही लिहू. कुठून कुठं जायचं होतं, कशासाठी, किती वाजता, किती गाड्या बदलल्या, किती वेळ थांबलो. आणि जाता आलं नाही, तेही लिहायचं. ते सगळ्यात महत्त्वाचं. सगळ्या गटांची पानं ग्रामसंघात एकत्र करू, ग्रामसभेत ठराव घेऊ आणि तो ठराव आगार व्यवस्थापकांच्या हातात देऊ. नुसतं “गाडी द्या” म्हटलं तर उत्तर मिळतं, “प्रवासी नाहीत.” वहीत नावं, वेळा आणि आकडे असले, तर तसं म्हणता येत नाही.

पुढच्या बैठकीला येताना वहीचं पहिलं पान भरून आणा.