वणवा नियंत्रण (शहापूर व मुरबाड तालुके)

वणवा नियंत्रण म्हणजे जंगलातील आग रोखणे व विझविणे. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत साग, ऐन इत्यादींची पानझडी वने आहेत. उन्हाळ्यात तेथील पाचोळा सहज पेट घेतो. भातशेतीसाठी राब भाजताना किंवा मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळताना आग पसरू शकते. डोंगरउतारावर अग्निशामक बंब सहसा पोहोचत नाही. म्हणून वनकर्मचारी व ग्रामस्थ हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपतात आणि पाचोळा हटवून जाळरेषा काढतात. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ नुसार राखीव वा संरक्षित वनात हक्क बजावणाऱ्यांना आग विझविण्यास साहाय्य करणे बंधनकारक आहे. भातसा व तानसा जलाशयांभोवतीचे उतार जळाल्यास पावसात माती वाहून जलाशयांत येते.