हवेचा शेरा

पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या. पहिल्या चौकटीत रेघा बारीक, दुसरीत जरा जाड, तिसरीत आणखी जाड आणि चौथीत इतक्या, की मधे पांढऱ्याचे ठिपकेच उरावेत. हा कागद पन्नासेक फुटांवर टांगायचा. एवढ्या लांबून रेघा दिसेनाशा होतात आणि करड्या रंगाच्या चार छटा उरतात. मग गिरणीच्या धुराड्याकडे बघायचं, धूर कोणत्या छटेशी जुळतो आणि ती छटा किती मिनिटं टिकते, ते वहीत टिपायचं. पॅरिसचे प्राध्यापक मॅक्सिमिलियन रिंगेलमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढलेला हा तक्ता पुढे कारखान्यांच्या गावोगावी गेला.

हिंदुस्थानात बंगालमध्ये १९०५ साली आणि मुंबई इलाख्यात १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदे झाले. कलकत्त्याच्या धूर निरीक्षकांनी हाच तक्ता वापरला. मात्र निरीक्षकाच्या वहीतली नोंद कोणाकडे जायची, हे लक्षात घेण्यासारखं आहे. ती जायची गिरणीमालकाकडे आणि वेळ पडली तर न्यायाधीशापुढे. धुराड्याच्या सावलीत, चाळीतल्या एका खोलीत आठ-दहा जणांचं बिऱ्हाड थाटलेल्या कामगाराला आजचा धूर कितव्या छटेचा होता, हे कळवण्याची तरतूद नव्हती. कायद्याच्या दृष्टीने धूर हा मालक आणि सरकार यांच्यातला मामला होता. श्वास घेणारा त्यात कुठेच नव्हता.

ही रीत पुढची सत्तर-ऐंशी वर्षं टिकली. मोजमाप मात्र बदललं. नागपूरची ‘नीरी’ ही संस्था १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या संशोधनासाठी सुरू झाली आणि १९७४ पासून आजच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९७८ पासून तिने देशातल्या मोठ्या शहरांची हवा नियमित मोजायला घेतली. १९८१ मध्ये हवेच्या प्रदूषणाचा कायदा झाला आणि १९८४ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं देशव्यापी जाळं उभं राहू लागलं. पुण्यात स्वारगेट आणि नळस्टॉपजवळ, पिंपरी-चिंचवडच्या बाजूला भोसरीत केंद्रं आली.

या केंद्रांवरचं काम चिकाटीचं होतं. आधी वजन केलेला गाळणकागद यंत्रात बसवायचा, मोटरने त्यातून हवा ओढायची, कागद प्रयोगशाळेत नेऊन पुन्हा वजन करायचं. जे वजन वाढलं ती धूळ. आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे वर्षाला १०४ दिवस हे करायचं, असा दंडक. कागदाचं वजन होईपर्यंत तो दिवस संपलेला असे आणि आकडे अहवालात छापून येईपर्यंत ऋतूही उलटलेला असे. आकडेही कसे, तर घनमीटरला इतके मायक्रोग्रॅम. शास्त्रज्ञाला ते पुरेसे बोलके होते. नातवाला घेऊन बागेत निघालेल्या आजोबांना त्यातून काहीच उमगलं नसतं.

त्या काळात हवेबद्दल बोलण्याची लोकांची भाषा वेगळी होती. तेलशुद्धीकरण आणि खत कारखान्यांच्या शेजारी वसलेल्या चेंबूरला मुंबईकरांनी ‘गॅस चेंबर’ म्हणायला सुरुवात केली. या दोन शब्दांत जेवढी माहिती होती, तेवढी कित्येक सरकारी तक्त्यांत नव्हती. पण टोपणनावाला आकडा नसतो, त्यामुळे त्याच्या आधारे कोणाला जाब विचारता येत नाही.

आकडा आणि बोली यांचा मेळ घालण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. तिथल्या पर्यावरण संस्थेने १९७६ मध्ये अनेक प्रदूषकांचं मिळून एकच ० ते ५०० चं माप ठरवलं. १९९९ मध्ये ते सुधारून त्याला ‘हवा गुणवत्ता निर्देशांक’ हे आजचं नाव दिलं, सूक्ष्म धूलिकणांची भर घातली आणि दमेकरी, मुलं, म्हातारी माणसं अशा नाजूक प्रकृतीच्या लोकांसाठी वेगळी पायरी केली. या पायरीची आठवण पुढे लागणार आहे.

आपल्याकडे हवेच्या अंदाजाची गोष्ट पुण्याला वळसा घालून जाऊच शकत नाही. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. ते पुढे दिल्लीला गेलं, तरी शिवाजीनगरचा तो चौक पुणेकरांच्या तोंडी अजूनही ‘सिमला ऑफिस’च आहे. उद्या पाऊस पडेल का, हे सांगण्याचा सराव या शहराला जुना. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे ‘आयआयटीएम’मध्ये, डॉ. गुफरान बेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच परंपरेत नवा प्रश्न घेतला: उद्याची हवा श्वास घेण्याजोगी असेल का?

त्यातून ‘सफर’ ही यंत्रणा उभी राहिली. पहिली कसोटी होती २०१० ची दिल्लीतली राष्ट्रकुल स्पर्धा. धावपटू धावणार, तेव्हा हवा कशी असेल, हे आधी सांगायचं होतं. त्यासाठी नुसता वारा आणि तापमान पुरत नाही. शहरात धूर कुठून किती निघतो, याचा नकाशा लागतो. कोणत्या रस्त्यावर किती ट्रक, कोणत्या वस्तीत चुली, कुठे हॉटेलांच्या भट्ट्या, कुठे उडणारी धूळ. हे गणित मांडण्यासाठी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सोबत घेऊन रस्तोरस्ती पाहणी झाली. मग तो नकाशा आणि वाऱ्याचं गणित संगणकावर एकत्र चालवून पुढच्या दिवसांचा अंदाज काढला गेला. २०१३ मध्ये ‘सफर’ पुण्यात आली, २०१५ मध्ये मुंबईत, २०१७ मध्ये अहमदाबादेत. कुलाबा, माझगाव, वरळी, चेंबूर, अंधेरी, मालाड, बोरिवली, भांडुप अशी मुंबईची हवा भागाभागाने दिसू लागली. रस्त्याकडेच्या मोठ्या फलकांवर रंगीत आकडे झळकले. धुराची नोंद पहिल्यांदाच, धूर येण्याआधीच, वाटसरूच्या समोर आली. शंभर वर्षांपूर्वीच्या निरीक्षकाच्या वहीपासूनचं हे अंतर फार मोठं आहे आणि ते पार करण्यात पुण्याचा वाटा आहे, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

देशाचा अधिकृत निर्देशांक मात्र थोडा वेगळ्या वाटेने आला. १७ ऑक्टोबर २०१४ रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी तो दिल्लीत मांडला. एक आकडा, एक रंग, एक वर्णन असं त्याचं सूत्र होतं. ६ एप्रिल २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दहा शहरांसाठी तो सुरू झाला. दिल्ली, आग्रा, कानपूर, लखनौ, वाराणसी, फरिदाबाद, अहमदाबाद, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद. पहिल्या यादीत महाराष्ट्रातलं एकही शहर नव्हतं.

निर्देशांकाची रचना साधी आणि कडक आहे. आठ प्रदूषकांचे वेगवेगळे गुण काढायचे आणि त्यातला सर्वांत वाईट गुण तो त्या ठिकाणच्या हवेचा. सरासरी काढून झाकपाक करायला वाव नाही. किमान तीन प्रदूषकांची मोजणी हवी आणि त्यात धूलिकण असलेच पाहिजेत. इथपर्यंत सगळं उत्तम. अडचण सुरू होते ती वर्णनापाशी.

पायऱ्या सहा. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिशय वाईट आणि त्यापुढे गंभीर. ‘समाधानकारक’ हा प्रगतिपुस्तकातला शेरा. तो वाचून कोणतीही आई निश्चिंत होते. ‘मध्यम’ तर त्याहून निरुपद्रवी. मध्यम उंची, मध्यम आच, मध्यम पाऊस. मूळ इंग्रजी शब्दप्रयोगाचा अर्थ ‘मध्यम प्रमाणात प्रदूषित’ असा आहे. मराठी बातमीत येईपर्यंत त्यातला ‘प्रदूषित’ गळून पडतो आणि मुळातच वाचकाला सावध करणारा शब्द तेवढा नाहीसा होतो. याच पायरीपुढे सरकारी तक्त्यात लिहिलं आहे की फुप्फुसाचे आजार, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो. अमेरिकेने १९९९ मध्ये नाजूक प्रकृतीच्या लोकांचा उल्लेख थेट पायरीच्या नावातच घातला, तो याचसाठी. मुंबई-पुण्याच्या हिवाळ्यातले बरेच दिवस नेमके या ‘मध्यम’मध्ये मोडतात.

मोजपट्ट्याही सारख्या नाहीत. हवेत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण असतील, तर आपल्या मापाने त्याचा गुण १०० आणि शेरा समाधानकारक. तीच हवा अमेरिकी मापाने १५० च्या वर जाते आणि सरसकट सर्वांसाठी अपायकारक ठरते. फोनवरच्या दोन ॲपमध्ये दोन आकडे दिसले की लोक दोन्हींवरचा विश्वास गमावतात. खरं तर दोन्ही बरोबर असू शकतात, पट्टी तेवढी वेगळी असते. हे समजावून सांगण्याचं काम आपल्याकडे फारसं कोणी अंगावर घेतलेलं नाही.

आणि वेळेचा प्रश्न आहेच. केंद्रीय मंडळाचं रोजचं पत्रक दुपारी चारला निघतं आणि त्यात मागच्या चोवीस तासांची सरासरी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात ते छापून येतं, तेव्हा फिरायला निघालेला माणूस त्याने आधीच फुप्फुसात घेतलेल्या हवेचा हिशेब वाचत असतो. म्हणूनच अंदाजाचं मोल मोठं. दिल्लीत २०१८ पासून ‘आयआयटीएम’ची पूर्वसूचना यंत्रणा चालते. २०२२ पासून तिथले प्रदूषण रोखण्याचे निर्बंध हवा बिघडण्याची वाट न पाहता, अंदाजावरून तीन दिवस आधी लावता येतील, अशी सोय झाली.

मुंबईला या सगळ्याची गरज नाही, असा समज बराच काळ होता. समुद्र आहे, खारा वारा येतो, घाण धुऊन जाते. २०२२-२३ च्या हिवाळ्याने तो समज मोडला. वारे मंदावले, त्यांचा रोजचा येण्याजाण्याचा क्रम बिघडला. बेग यांनी त्याचा संबंध सलग तीन वर्षं टिकलेल्या ‘ला निना’शी जोडला. पुढच्या वर्षी, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली आणि दिवाळीत फटाक्यांची वेळ आधी तीन तासांवर, मग रात्री ८ ते १० एवढीच केली. महापालिकेने मोठ्या बांधकामांभोवती ३५ फूट उंच पत्रे लावायला सांगितले. फलकावरचा आकडा आता हुकूम होऊ लागला होता.

३० डिसेंबर २०२४ रोजी महापालिका आयुक्त भूषण गगराणी यांनी भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली बांधकामं थांबवण्याचं जाहीर केलं. कारण तिथला निर्देशांक २०० च्या वर गेला होता. २०० हा आकडा कुठून आला, हे आता सांगायला नको. तिथे ‘मध्यम’ संपतं. आदल्या आठवड्यात आकडा १९० असता, तर कामं चालू राहिली असती, वर्तमानपत्रात हवा ‘मध्यम’ छापून आली असती आणि भायखळ्याचा दमेकरी ती वाचून नेहमीसारखा घराबाहेर पडला असता.